मार्चमध्ये तीर्थनच्या पाण्यात काम आहे, छातीपर्यंतचे गरम वेडर कोणते घ्यावेत?

जलकीटक_कोल्हापूर:

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं (दोन मुली, दोन मुलगे) मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जलकीटकांचे नमुने घ्यायला निघतोय. काम किक-नेटचं. एकानं जाळी धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं तिच्या वरच्या अंगाला तळाचे दगड पायानं ढवळायचे, तीन मिनिटं झाली की जाळी उचलायची. दिवसाला सहा ते आठ ठिकाणं, म्हणजे पाण्यात एकूण तीन-चार तास जातील. पाणी गुडघ्यापासून मांडीपर्यंत, क्वचित कमरेला. बर्फ वितळून येणारं पाणी आहे, ५ ते ८ अंश सेल्सिअस धरून चाललोय. परवानग्या झाल्यात, आता प्रश्न फक्त अंगावर काय घालायचं याचा, म्हणजे वेडरचा (पाण्यात उभं राहून काम करायला घालतात तो विजारीसारखा जलरोधक पोशाख).

कोल्हापुरात पंचगंगा-भोगावतीवर आम्ही मत्स्यशेतीवाले घालतात तो छातीपर्यंतचा पीव्हीसीचा सूट वापरतो. हिमाचलासाठी तीन पर्याय समोर आहेत. पहिला ५ मिमी निओप्रीनचा, बूट जोडलेला, बुटात १००० ग्रॅम इन्सुलेशन. दुसरा ब्रीदेबल (घामाची वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या) कापडाचा, पायाला निओप्रीनचा मोजा आणि वरून वेगळे बूट. तिसरा म्हणजे आहे तोच पीव्हीसी सूट आणि आत दोन ट्रॅक पँट.

१००० ग्रॅम म्हणजे नेमकं काय मोजलेलं असतं? एकच जोड दोन्हीकडे चालेल का? तळवा फेल्टचा घ्यावा की रबराचा? आणि मापाचं काय करायचं? माझी उंची ५ फूट १ इंच, चप्पल ५ नंबर, आणि बघेल तिथं मापं पुरुषांचीच.

ओढ्याकाठचा:

ताई, तुमच्या कामाला दुसरा पर्याय. पण तो आतल्या कपड्यांसकट विकत घ्यायचा असतो, नुसता वेडर नव्हे. तिथंच बहुतेकांचं गणित चुकतं.

आधी ग्रॅमचं बघू. तो आकडा इन्सुलेशनच्या कापडाचा दर चौरस मीटरचा वजनाचा आहे. बूट एक किलोचा असा त्याचा अर्थ नाही, आणि अख्खा वेडर तेवढा गरम असाही नाही. बाजारात २००, ६००, १०००, १६०० असे टप्पे मिळतात. सतत चालणाऱ्याला २०० ते ६०० पुरतात, तासन्‌तास एका जागी उभं राहणाऱ्याला १००० च्या वर लागतं. हे इन्सुलेशन बऱ्याचदा फक्त बुटात असतं. वर मांडी-कमरेला ऊब किती, ते निओप्रीनच्या जाडीवर किंवा तुम्ही आत काय घातलंय त्यावर ठरतं. म्हणून जाहिरातीत ‘१००० ग्रॅम’ मोठ्या अक्षरात दिसलं की खाली शोधायचं, हे बुटाचं की अंगाचं?

निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुड्यांचा रबरी फोम. त्या बुडबुड्यांतला वायू ऊब धरतो. ३ ते ३.५ मिमी साधारण १० ते १५ अंशांच्या पाण्याला, ५ मिमी त्याखालच्या पाण्याला, असा ढोबळ हिशेब. ऊब चांगलीच असते, पण घाम बाहेर जायला वाट नाही. तुम्ही तीन मिनिटं दगड ढवळणार, मग जाळी, ट्रे, बाटल्या घेऊन काठाकाठानं दगडांवरून पुढच्या ठिकाणी जाणार. त्या चालीत ५ मिमीच्या आत घामाघूम व्हायला होतं, आणि पुढच्या ठिकाणी पाण्यात उभं राहिलं की तोच घाम गार पडतो. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता ओढतं, त्यामुळे आतला ओला कपडा बाहेरच्या ओढ्याएवढाच वैरी. दिवसाला आठ ठिकाणं चालत गाठणाऱ्याला हा मोठा तोटा आहे.

ब्रीदेबल कापडात स्वतःची ऊब जवळपास शून्य, हे लक्षात ठेवा. तो नुसता रेनकोट आहे. घेताना मांडीपासून खाली जास्त थरांचं कापड आहे का ते बघा, वर तीन आणि पायाला पाच थर अशी रचना सर्रास मिळते. तुम्ही गुडघे टेकून दगड उलटणार, तेव्हा गुडघ्याचं कापड आधी जातं.

आत घालायचं ते असं. अंगाला लागून पातळ मेरिनो लोकरीची किंवा पॉलिएस्टरची विजार. वर मध्यम जाडीची फ्लीसची विजार, शक्यतो तळव्याखालून जाणारा पट्टा असलेली, म्हणजे वेडर चढवताना ती वर सरकत नाही. पायात पातळ सिंथेटिक मोजा आणि वर जाड लोकरी मोजा. सुती काही नको. जीन्स नको, सुती ट्रॅक पँट नको, बनियनसुद्धा सुती नको. आणि पिसांची जाकीटवजा विजार कमरेखाली घालू नका. पाण्याचा दाब सैल वेडरला अंगाशी दाबतो, पिसं चेपतात आणि त्यांतली हवा जाते. लोकर आणि फ्लीस दाबाखाली बऱ्यापैकी तग धरतात.

गारठतात ते सगळ्यात आधी पाय, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पातळ मोजे नसून घट्ट बूट असतात. तीन मोजे कोंबले की रक्त पुरत नाही, मोज्यांतली हवाही दबून जाते, आणि बोटं बधिर होतात. बुटात बोटं हलली पाहिजेत. उरलेली गारठ खालून येते, कारण अंगाच्या वजनानं तळव्याखालचा मोजा चेपून पापुद्र्याएवढा होतो. तिथं ३-४ मिमी जाडीचा लोकरीच्या नमद्याचा तळ कापून घाला. लोकरीचा तळ, एक पातळ मोजा, एक जाड मोजा आणि हलणारी बोटं एवढं जमलं की १००० ग्रॅमच्या बुटाची गरज पडत नाही.

तिसरा पर्याय विसरा. पीव्हीसी थंडीत ताठरतं, गुडघ्याच्या घडीवर चिरा जातात. त्या सुटाचा तळवा गुळगुळीत असतो आणि घोट्याला आधार नसतो. गाळाच्या तळ्यासाठी बनलेली वस्तू गोट्यांच्या ओढ्यात नेऊ नये.

कोल्हापुरासाठी मात्र तोच सूट ठेवा, किंवा हाच ब्रीदेबल आत नुसती पातळ विजार घालून वापरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंचगंगेचं पाणी हाताला बर्फासारखं लागलं तरी थर्मामीटर वीस अंशांच्या अलीकडे-पलीकडे असतो. तिथं ५ मिमी निओप्रीन घालून दहा वाजेपर्यंत काम केलं तर माणूस आत उकडून निघेल.

कात्री_आणि_माप:

मापाबद्दल सविस्तर लिहितो, कारण कमी उंचीच्या माणसाचा वेडर पाण्याआधी मापानंच बाद होतो.

टेपनं पाच मापं घ्या आणि ती सगळी आतले कपडे घालून घ्या: उंची, छाती, कंबर, नितंब आणि पायाची आतली लांबी. शेवटचं माप नीट घ्यायचं. भिंतीला टेकून उभं राहा, एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये जांघेला वरपर्यंत टेकवा, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. वेडरची आतली लांबी यापेक्षा सुमारे ५ सेंमी जास्त हवी. त्याहून फार जास्त झाली तर कापड गुडघ्यामागे आणि घोट्यावर गोळा होतं, चालताना घडीला घडी घासते आणि काही दिवसांत नेमकं तिथंच पाणी झिरपू लागतं. कमी पडली तर वाकताना जांघेच्या शिवणीवर ताण येतो आणि ती शिवण उसवते. ही दुरुस्ती सगळ्यात अवघड, कारण तिथं चार तुकडे एकत्र येतात.

घरी चाचणी अशी घ्या. वेडर चढवून पूर्ण उकिडवं बसा, मग एक पाय खुर्चीवर ठेवून गुडघा छातीकडे आणा. खांद्याचे पट्टे ओढले जाता कामा नयेत आणि तळव्याचा मोजा टाचेवरून सरकता कामा नये. दगड ढवळताना याच हालचाली होणार आहेत.

पायाचा नंबर: आपला ५ म्हणजे ब्रिटिश ५. अमेरिकी मापात तो पुरुषांचा ६ आणि बायकांचा ७ होतो, युरोपी ३८ च्या आसपास. ही गल्लत हमखास होते. तक्त्यात ‘६’ दिसला म्हणून मागवला आणि तो ब्रिटिश निघाला, की पाय आत पोहतो. निओप्रीनचा मोजा पायापेक्षा मोठा झाला तर त्याची घडी बुटात अडकते आणि दोन दिवसांत फोड येतो. वेडिंगचे बूट जाड मोजा गृहीत धरूनच बनवलेले असतात, म्हणून आधी नेहमीचा नंबर लोकरी मोजे आणि वेडरच्या मोज्यासकट घालून बघा, चवडा दबत असेल तरच एक नंबर वर जा.

बायकांच्या मापाचे वेडर बनतात, फक्त निवड कमी असते. ते मिळाले तर तेच घ्या, कारण नितंब आणि छातीची बेरीज वेगळी असते. पुरुषांचा ‘आखूड’ प्रकार कमरेला सैल आणि नितंबाला घट्ट बसतो. नाहीच मिळाला तर नितंबाच्या मापाचा घ्या आणि कमरेला पट्ट्यानं आवळा. आणि ताई, खांद्याचे पट्टे पुढून क्लिपनं सुटणारे आणि वरचा भाग कमरेपर्यंत खाली करता येणारा बघूनच घ्या. दिवसभर रानात काम आहे. बसायला जायचं तर दर वेळी बूट काढून अख्खा वेडर उतरवणं जमत नाही, आणि ते टाळायला मुली पाणी पिणंच सोडतात. थंडीत ते आणखी वाईट.

फ्लाय_अँड_फेल्ट:

तळव्याविषयी. शेवाळलेल्या गोल गोट्यांवर फेल्टइतकी पकड कशाचीच नाही, नुसतं रबर तर तिथं साबणासारखं सरकतं. पण तुमच्यासाठी मी फेल्ट नको म्हणेन.

एक कारण म्हणजे मार्चमध्ये काठावर बर्फ असू शकतो. ओल्या फेल्टला बर्फ चिकटत जातो, दहा पावलांत तळव्याखाली लाडू तयार होतो आणि घोटा मुरगळतो. दुसरं कारण तुमच्या कामाचंच आहे. फेल्ट म्हणजे दाबलेले धागे, त्यांत अळ्या, अंडी, शैवालाच्या पेशी अडकून बसतात आणि दिवसभर ओल्या राहतात. एका ओढ्यातलं दुसऱ्या ओढ्यात नेऊन टाकलं तर नमुनाही बिघडला आणि ओढाही. डिडिमो नावाचं शैवाल असंच पसरू नये म्हणून न्यूझीलंडनं २००८ साली फेल्टच्या तळव्यांवर बंदी घातली.

तेव्हा मऊ रबराचा खोल नक्षीचा तळवा आणि त्यात टंगस्टन कार्बाइडचे खिळे. एका बुटाला दहा-बारा पुरेत, बहुतेक कडेनं लावायचे: चवड्याच्या बाहेरच्या कडेला जास्त, टाचेला तीन-चार, मधे मोकळं. पाय तिरका पडतो तेव्हा कडच पकड देते. खिळा तळव्याच्या जाडीपेक्षा लांब नको, नाहीतर आतून पायाला टोचतो. खिळ्यांचे बूट घालून राहत्या घराच्या लाकडी फरशीवर किंवा गाडीत पाय ठेवू नका.

ओढा बदलताना सफाई: बूट आणि जाळी ब्रशनं घासा, मग ५ टक्के भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात (१० लिटरला अर्धा लिटर) किमान एक मिनिट पूर्ण भिजवा. जाड शोषणारं काही असेल तर आतपर्यंत भिजेल इतका वेळ ठेवा. धुवण काठापासून लांब, मातीत टाका. खात्रीचा उपाय म्हणजे हाताला कोरडं लागल्यावर पुढे ४८ तास वाळवणं, पण तुमच्या वेळापत्रकात ते रोज बसणार नाही. ब्लीच निओप्रीनला खातं, ते नको. आणि पंचगंगेचा चिखल घेऊन तर तीर्थनला मुळीच जायचं नाही, निघायच्या आठवडाभर आधी सगळं धुऊन कडक वाळवा.

जलकीटक_कोल्हापूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. फेल्टचं नमुने बिघडण्याशी असलेलं नातं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. एक शंका उरते. जाळी धरणारा तीन मिनिटं हलत नाही आणि नंतर ट्रेमधून किडे वेचणाराही बसूनच असतो. त्यांच्यासाठी तरी निओप्रीन घ्यावं का? आणि जुना वेडर गळतोय की घाम आहे, हे कसं ओळखायचं? आमच्याकडे एक वापरलेला ब्रीदेबल येणार आहे.

निओप्रीनवाला_बावडा:

इथं मी ओढ्याकाठच्या दादांशी थोडा असहमत आहे. दिवसभर एकच माणूस जाळी धरणार असेल आणि ठिकाणं गाडीरस्त्याला लागून असतील, तर त्या एकासाठी ३.५ मिमी निओप्रीन वाईट नाही. आपटला-घासला तरी बारीक ओरखड्यानं लगेच गळत नाही, फाटला तर दहा मिनिटांत चिकटतो. पण बूट जोडलेला ५ मिमीचा जोड चार-पाच किलोचा होतो, विमानात चेक-इनला बहुधा १५ किलोच मिळतात, आणि मुक्कामी एका रात्रीत तो वाळत नाही. सकाळी ओल्या, गार निओप्रीनमध्ये पाय घालणं ही शिक्षाच.

त्यापेक्षा कामं आलटून-पालटून करा. एका ठिकाणी जाळी धरणारा पुढच्या ठिकाणी ढवळणारा. उभं असताना टाचा उचलून पोटऱ्या आवळत राहा, रक्त फिरतं. वेचणाऱ्यानं पाण्याबाहेर बसावं, बुडाखाली फोमचा तुकडा, वेडरवरून फुगीर जाकीट. तिथं पिसांचं चालतं, कारण ते कोरडं आणि न दाबलेलं असतं. हातांना २ मिमीचे निओप्रीन हातमोजे. चिमट्यानं वेचायला उजव्या हाताची दोन बोटं उघडी राहतील असे घ्या.

ओढ्याकाठचा:

बावड्याच्या दादांचं आलटून-पालटून करायचं पटलं, त्यानं निओप्रीनचा प्रश्नच मिटतो.

गळती की घाम: ओल सगळीकडे सारखी, पोटऱ्या-मांड्यांवर पसरलेली आणि चालून आल्यावर जास्त असेल तर घाम. ओल एका जागी, कडा स्पष्ट, आणि पाण्यात शिरल्या-शिरल्या तिथं गार सुई टोचल्यासारखं वाटलं तर गळती. तळव्याच्या मोज्यात पाणी साचलं म्हणजे भोक मोज्यातच आहे असं नाही. मांडीवरचं भोकही पाणी खालीच पोहोचवतं.

घरी तपासायला २०० लिटरचा पिंप घ्या. आत फिक्या रंगाची सुती पायजमी घालायची (सुतीला परवानगी आहे ती एवढ्यापुरती), कारण सुती कापडावर ओलीचा डाग चटकन उठतो. पिंप पाऊणच भरा, माणूस उतरला की पाणी मांडीपर्यंत चढतं. एका पायावर आणि मग दुसऱ्या पायावर भार देत, गुडघे वाकवत वीस मिनिटं उभं राहा. बाहेर येऊन वेडर पुसून कोरडा करून मगच उतरवा, नाहीतर बाहेरचं पाणी पायजमीला लागतं आणि निदान चुकतं. डागाची जागा वेडरवर खूण करा. नवा वेडरही परत करायची मुदत संपायच्या आत असाच तपासायचा.

शेततळ्यात मात्र ही चाचणी करू नका. अस्तराचा प्लास्टिक कागद ओला झाला की उतारावर पाय ठरत नाही, आणि वेडर घातलेला माणूस स्वतःहून वर येऊ शकत नाही.

डाग कळला, भोक दिसेना, तर ब्रीदेबल वेडर उलटा करा आणि आतून त्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. तुमच्या प्रयोगशाळेत असेलच. सुईएवढ्या भोकावर लगेच काळपट ठिपका उमटतो. खिडक्या उघड्या, जवळ शेगडी नको. मार्करनं गोल करा, पूर्ण वाळू द्या, मग युरेथेनच्या लवचिक डिंकाचा पातळ थेंब, भोकाच्या चहूबाजूंनी अर्धा सेंमी पसरेल एवढा. रात्रभर आडवा ठेवायचा. वेडर पाण्यानं भरून टांगायची पद्धत काही जण सांगतात, ती नको, पाण्याच्या वजनानं शिवणी ताणतात.

निओप्रीनला निओप्रीन सिमेंट: दोन्ही कडांना पातळ लेप, पाच-दहा मिनिटं वाळू द्यायचा, दुसरा लेप, तो बोटाला चिकटेनासा झाला की कडा जुळवून दाबायच्या. रबरी गमबुटाला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि ठिगळ छान बसतं. तेच पीव्हीसीला लावलं तर दुसऱ्या दिवशी सालीसारखं निघून येतं, पीव्हीसीला व्हायनिलचाच डिंक लागतो. आणि काहीही झालं तरी चांभाराकडे शिवायला देऊ नका. कोल्हापूरच्या चप्पल लाइनचे कारागीर कितीही कसबी असले तरी सुईचा प्रत्येक टाका हे एक नवं भोक आहे.

पूररेषा:

तांत्रिक भाग छान झालाय. जिवाचा भाग राहिलाय, तो लिहितो.

कमरेचा पट्टा हा वेडरचा भाग समजा, वेगळी वस्तू नव्हे. तो कमरेच्या वर, बरगड्यांखाली, जाकिटावरून इतका आवळायचा की सपाट हात जेमतेम आत जाईल. पडल्यावर पाणी वरून शिरतं, पट्टा ते अडवतो आणि पायांतली हवा-ऊब काही काळ टिकते. पाणी भरलेला वेडर माणसाला तळाशी ओढतो हे खरं नाही, पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं. पण प्रवाह त्या फुगलेल्या पिशवीला धरून ओढतो, आणि काठावर चढताना सगळं वजन एकदम अंगावर येतं.

५-८ अंशांच्या पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप हापसला जातो. त्या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवणं एवढंच काम. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे असतात, नंतर बोटं ऐकेनाशी होतात. म्हणून खांद्याच्या क्लिपा डोळे मिटून, ओल्या हातमोज्यानं सोडायचा सराव कोल्हापुरातच करून घ्या.

प्रवाहात पडलात तर पाठीवर, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, हातांनी तिरकं काठाकडे. मांडीभर पाण्यात घाईनं उभं राहायचं नाही. दोन दगडांत पाय अडकला तर प्रवाह माणसाला पालथा पाडतो. पोटरीएवढ्या पाण्यात आल्यावरच उठा. बाहेर आलात की काठावर आडवे होऊन पाय वर करा, पाणी निथळू द्या, मग उभे राहा.

उतरायचं की नाही हे मोजून ठरवा. काठावर २० फूट अंतर आखा, सुकी काटकी सोडा, सेकंद मोजा. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला ४ फूट. त्याला पाण्याच्या फुटांतल्या खोलीनं गुणा. गुणाकार १० च्या घरात गेला की थांबायचं. हा नेम मजबूत बांध्याच्या माणसाचा आहे, पाच फुटाच्या हलक्या अंगाच्या मुलीनं ६-७ लाच थांबावं. अडीच फूट पाणी आणि ४ चा वेग म्हणजे १० झाले, तिथं कुणीच उतरायचं नाही. ओलांडताना तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या अंगाला, आडवी छोटी पावलं, पाय एकमेकांवरून टाकायचे नाहीत. काठी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात अॅल्युमिनियमच्या पाइपची करून घेता येईल. उंची काखेपर्यंत, खाली रबरी बूच, वर दोरीचा फास. दोरी मनगटाला बांधायची नाही, पट्ट्याला झटकन सुटेल अशी अडकवायची. मांडीच्या वर पाणी असेल तिथं लाइफ जॅकेट आणि गळ्यात शिट्टी.

बर्फाच्या ओढ्याला रोजची भरती असते. सकाळी पाणी कमी, ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर पातळी वाढते. सकाळी सहज ओलांडलेली जागा संध्याकाळी परतीला ओलांडता येईलच असं नाही. पलीकडच्या काठावरचे नमुने सकाळी उरकून दुपारच्या आत अलीकडे या. काठावरच्या दगडाला खडूनं पातळीची खूण करा, ती बुडाली की काम बंद.

हे वाचून आपल्याकडच्या कुणी पुरासाठी वेडर मागवू नये. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकतं तेव्हा गल्लीत शिरलेल्या पाण्याखाली उघडी गटारं, तारा, काय-काय असतं. तिथं वेडर नव्हे, लाइफ जॅकेट आणि बोट लागते.

कात्री_आणि_माप:

वाळवण्याचं राहिलं, म्हणून एवढं लिहितो. मुक्कामी आल्यावर आधी वेडर कमरेपर्यंत उलटा करून टांगा, तासाभरानं मोजेही उलटे काढा. त्यांत कागदाचे बोळे घाला, दोन तासांनी बदला. घरात लाकडाचा तंदूर पेटलेला असतो, त्याच्या शेजारी टांगायचा मोह होईल. टांगू नका, शिवणीवरच्या पट्ट्यांचा डिंक सुटतो. तंदूर असलेल्या खोलीत, पण समोरच्या भिंतीला टांगा. बुटांच्या नाड्या पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढून ठेवा. बूट बाहेर ओसरीवर राहिले तर सकाळी नाडीची काठी झालेली असेल.

आणि एक घोंगड्याचा तुकडा बरोबर न्या, दोन बाय दोन फूट पुरे. वेडर चढवताना-उतरवताना त्यावर उभं राहायचं. निओप्रीनच्या मोज्यांना सगळ्यात जास्त भोकं पाण्यात पडत नाहीत, बूट घालायच्या आधी काठावरच्या खड्यांवर पाय टेकवल्यानं पडतात. बूट घालण्याआधी तळव्याला चिकटलेला खडा हातानं झटका, मगच पाय आत, आणि घोट्यावरची वाळू अडवायची पट्टी बुटावर ओढून तिचा हूक नाडीत अडकवा.